अठ्ठाविसावं नाव

सोमवारी सकाळी सात वाजता इवोना झेलिंकोवाने पावाच्या साठ कापांवर बटाट्याचं सॅलड थापलं आणि वर हॅमची वळकटी, अंड्याची चकती, खारवलेल्या काकडीचा पंखा असा सगळा थाट मांडून ठेवला. पत्रकार दहा वाजता यायचे होते. तिचा नवरा रादोवान झेलिंका आरशापुढे उभा राहून दुःखी चेहऱ्याचा सराव करत होता. निवडणूक जिंकल्यावर दुःखी दिसावं लागणारा माणूस विरळाच, पण रादोवानची अडचणच तशी होती. ज्या युरोपीय संसदेला टाळं ठोका म्हणून त्याने दोन वर्षं घसा फोडला, तिथेच त्याला आता पाच वर्षं जाऊन बसायचं होतं. आणि ते बसणं म्हणजे देशासाठी पचवलेलं विष आहे, असं कॅमेऱ्याला दिसायला हवं होतं.

"ओठ खाली घे थोडे," इवोना म्हणाली. "अजून हसतोयस."

"अगं, हे माझे नेहमीचे ओठ आहेत."

"मग बाबांना पुरून आलो, त्या दिवसाचा चेहरा कर."

"त्या दिवशी तुला रडू आलं होतं. मला नाही."

रादोवान मुळात जुन्या गाड्या विकायचा. गाडी जितकी खटारा तितकी त्याची जीभ गोड. पुढे त्याच्या लक्षात आलं, की गाडीची निदान चावी तरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी लागते, रागाची तीही द्यावी लागत नाही. मग त्याने 'दार लावा' नावाचा पक्ष काढला. राग तर आमच्या देशात पोत्याने पडलेला होता. बटाट्यापासून काढलेल्या आमच्या दारूला आम्ही शंभर वर्षं रम म्हणत आलो. ब्रसेल्सवाले म्हणाले, उसाचं तोंड न पाहिलेल्या दारूला रम म्हणू नका. डब्यातल्या आमच्या चोपडायच्या लोण्यात लोणी कमी म्हणून त्याचंही नाव गेलं. दारू तीच, लोणी तेच, चवही तीच, पण राष्ट्राचा अपमान झाला तो झालाच. रादोवान गावोगावच्या चौकात उभा राहून ती बाटली उंच धरायचा आणि ओरडायचा, "मी? ब्रसेल्सला? मेलो तरी नाही!" लोक टाळ्या वाजवायचे. हेच वाक्य त्याच्या थोबाडासकट बस थांब्यावर लागलं होतं.

खायचे दात मात्र वेगळे होते. फेब्रुवारीत नवराबायको 'शत्रूच्या गोटाची पाहणी' करायला म्हणून ब्रसेल्सला जाऊन आली. पाहणीत एक घर पसंत पडलं. उंच छत, लाकडी फरशी आणि खिडक्या कशा, तर दोन मीटर ऐंशी! इवोनाने तिथल्या तिथे मापं घेतली आणि घरी आल्यावर, सासूबाईंच्या ब्रनोच्या घरासाठी आहेत असं सांगून, आमच्या कामेन्ना ल्होता गावातच पडदे शिवून घेतले. सासूबाईंच्या खिडक्या माणसाला डोकं बाहेर काढता येईल एवढ्याच आहेत, पण शिवणाऱ्या बाईला ते कोण सांगणार? रादोवान रोज सकाळी दाढी करताना फ्रेंच क्रियापदं घोकायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, घसा धरलाय.

पक्षाच्या यादीत अठ्ठावीस नावं हवी होती आणि सत्तावीस कशीबशी जमली होती. अठ्ठाविसाव्या जागेसाठी रादोवानने ओल्द्रिख कुबात यांना गाठलं. कुबातकाका म्हणजे निवृत्त वनरक्षक. वय सत्तर, मिश्या झुपकेदार, बोलणं मोजकं. दर रविवारी सकाळी आठ वाजता रेडिओवर ते अळंब्यांचा सल्ला द्यायचे. कुठली खायची, कुठली टाकायची, कुठलीच्या नुसत्या वासाने पळत सुटायचं. बावीस वर्षं सारा देश त्यांना विचारल्याशिवाय टोपलीतली शंकेची अळंबी कढईत टाकत नव्हता. रमच्या नावावरून त्यांना आलेला राग खरा होता. पक्षात खरा राग असलेले ते एकटेच.

"मला कुठे जावं लागणार नाही ना?" काकांनी विचारलं होतं.

"काका, अठ्ठाविसावं नाव! ते फक्त कागद भरायला असतं. आईची शपथ घेऊन सांगतो."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ केला तो रादोवानच्या हुशारीने. आमच्याकडे मतपत्रिकेवर पक्ष निवडून झाला, की त्यातल्या दोन नावांच्या क्रमांकाभोवती गोल काढता येतो. पक्षाच्या एकूण मतांपैकी पाच टक्के लोकांनी तुमच्या नावाला गोल काढला, की तुम्ही यादीत उडी मारून वर. आणि गोल काढायची आमच्या लोकांना भारी हौस. पहिल्या नंबरवरच्या शहाण्याला खाली खेचायचं, एवढ्यासाठी माणूस घरून पेन घेऊन येतो. रादोवानच्या खालोखाल यादीत डॉक्टर पाव्लिना नावाची ब्रनोची वकीलबाई होती. दिसायला बरी, बोलायला त्याहून बरी, वर फ्रेंच अस्खलित. तिला गोल मिळाले तर आपली खुर्ची गेली, या विचाराने रादोवानची झोप उडाली होती.

म्हणून घरोघरी टाकायच्या पत्रकावर मतपत्रिकेचा नमुना छापायचा ठरला, तेव्हा गोल कुणाच्या नावाला दाखवायचा हे रादोवानने स्वतः ठरवलं. स्वतःच्या नावाला दाखवला तर लोक म्हणणार, बघा कसा हावरट. दोन नंबरला दाखवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. म्हणून त्याने तळाला, अठ्ठावीस नंबरला, निरुपद्रवी कुबातकाकांना लालभडक गोल काढला आणि खाली छापलं, 'असा गोल काढा.' पत्रकं देशभर वाटली. छापखान्यातून परत येताना तो इवोनाला म्हणाला होता, "लोकांचे गोल म्हाताऱ्यावर वाया जाऊ देत. पाच टक्के काय जमतायत!"

मतदान मे महिन्यात, शुक्रवारी दुपारी सुरू झालं. शुक्रवार दुपार म्हणजे सारा देश गाडीच्या टपावर शिडी बांधून आपापल्या रानातल्या सुट्टीच्या घराकडे पळण्याची वेळ. पाच माणसांतला एक जेमतेम मत द्यायला फिरकला. फिरकले ते पेन्शनर, म्हणजे रविवारी आठ वाजता रेडिओला कान लावणारे. त्यांनी यादी वाचली. सत्तावीस नावं अनोळखी, अठ्ठाविसावं घरचं. शिवाय पत्रकावर गोल कसा काढायचा ते दाखवलेलंच होतं. आमची माणसं नियमाच्या नावाने कितीही शंख करोत, कागदावर छापलेली सूचना मात्र जन्मात मोडत नाहीत.

त्या खेपेला युरोपभर ब्रसेल्सच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांची चलती झाली. आमच्याकडेही 'दार लावा'ने जागा मिळायला लागणाऱ्या मतांचा उंबरठा ओलांडला आणि एक जागा पटकावली. जागा एकच. रविवारी टक्केवारी कळली होती, नावं सोमवारी सकाळी लागायची होती.

"लागली," संगणकापुढे बसलेली इवोना म्हणाली. मग तिने यादी पुन्हा वरून खाली वाचली.

"काय लिहिलंय? माझं आडनाव नीट लिहिलंय ना?"

"तुझं नाहीच आहे."

"पाव्लिना!" रादोवान किंचाळला. त्याच्या चेहऱ्यावर आता हवं होतं तसं अस्सल दुःख उतरलं होतं. "त्या बयेने..."

"पाव्लिनाला साडेतीन टक्के. कुबातकाकांना सव्वीस."

"सव्वीस गोल?"

"टक्के रे, टक्के! एकवीस हजार माणसांनी तुझं पत्रक समोर ठेवून गोल काढलाय!"

रादोवान खुर्चीत बसला. बसताना खुर्चीवरच्या ताटातले हॅमचे दोन पाव त्याच्याखाली गेले, पण त्याला ते कळलं नाही. अर्ध्या मिनिटाने त्याने डोकं वर केलं. काकांनी नकार लिहून दिला, की जागा आपोआप पहिल्या नंबरकडे येते. आणि काका नकार देणारच, त्यांना कुठे जायचंय? इवोनाने तेवढ्यात नकाराचं पत्र टाइप केलं. तीस पाव ताटात भरून दोघं गाडीत बसली. पँट बदलायचं कुणालाच सुचलं नाही.

कुबातकाकांचं घर गावाबाहेर, रानाच्या कडेला. काका अंगणातल्या बाकावर बसून मे महिन्यातल्या पांढऱ्या अळंब्या निवडत होते. उघड्या खिडकीतून त्यांच्या बायकोचं, ल्युबाकाकूंचं, शिवणयंत्र खडखडत होतं.

"काका, अभिनंदन," रादोवान म्हणाला.

"कशाबद्दल रे?"

"निवडून आलात तुम्ही. संसदेत."

काकांनी हातातला चाकू खाली ठेवला. "पण मी तर अठ्ठाविसावा."

"हो ना."

"तू आईची शपथ घेतली होतीस."

"हो ना, काका."

"आई बरी आहे ना रे?"

"ठणठणीत आहे! काका, तुम्ही काही काळजी करू नका. मी कागद तयार करून आणलाय. 'मी ही जागा नाकारतो.' खाली सही केलीत की सुटलात. इवोना, पेन."

काकांनी चष्मा पुसला, पत्र वाचलं, मान डोलावली आणि पेन उघडलं. इवोनाच्या डोळ्यांपुढे दोन मीटर ऐंशीच्या खिडक्या उघडल्या.

"म्हणजे ती खुर्ची रिकामी राहणार तर," काका म्हणाले. "झकास. पाच वर्षं रिकामी खुर्ची! चांगली जिरेल त्यांची."

"रिकामी... तशी नाही राहत. नियम आहे. दुसऱ्याला जावं लागतं."

"कुणाला?"

रादोवानने जमिनीकडे पाहिलं. "मलाच."

काकांनी पेन कागदावरून उचललं. "छे, छे, अध्यक्षमहाशय! हे काय भलतंच? एप्रिलात चौकात काय म्हणाला होतास? 'त्या इमारतीत पाऊल टाकलं की माणूस आतून कुजतो.' मी पहिल्या रांगेत होतो. ल्युबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"मला सर्दी होती," खिडकीतून काकू म्हणाल्या.

"तू तरणाताठा माणूस. पोरं लहान. तुला मी कुजायला पाठवू? आणि माझं काय रे, सत्तरीचा मी. कुजून कुजून किती कुजणार?"

"काका, मी सोसेन! देशासाठी!"

"मग मी सोसतो की. देश माझाही आहे."

चांगुलपणाशी कसं भांडायचं, हे गाड्या विकताना रादोवानला कधी शिकावं लागलं नव्हतं. त्याने हुकमाचं पान काढलं. "पहिलं अधिवेशन जुलैत आहे, काका. जुलैत! पाऊस पडून गेला की रान अळंब्यांनी भरणार आणि तुम्ही तिकडे भिंतीला तोंड करून बसणार."

हे मात्र लागलं. काकांनी टोपलीकडे पाहिलं, मग रानाकडे. मिशी थरथरली. सबंध वर्षात या माणसाला जगायला कारण होतं ते तेवढंच. "जुलै," ते पुटपुटले. "आणि सप्टेंबरसुद्धा असेल, नाही का?"

"सप्टेंबर तर पूर्णच! आणि भाषेचं काय? फ्रेंच येतं तुम्हाला?"

"तुला येतं?"

"मला थोडंफार..." रादोवानने जीभ चावली, पण उशिरा.

"अरे वा. कधी शिकलास?"

"शत्रूची भाषा यायला हवी, काका," इवोना घाईने मध्ये पडली आणि तिने ताट पुढे केलं. "घ्या ना, पाव घ्या. अन् सही करून टाका हो, विचार कसला करताय!"

काकांनी पाव घेतला. विचारही चालू ठेवला. एका हातात पाव, दुसऱ्या हातात उघडं पेन, असे ते चावत राहिले. तेवढ्यात कच्च्या रस्त्यावरून धूळ उडवत टीव्हीवाल्यांची गाडी आली. दहा वाजता रादोवानच्या दारात पोहोचलेल्या पत्रकारांना शेजाऱ्यांनी तत्परतेने इकडचा रस्ता दाखवला होता. बोलावणारा तो, वेळ देणारा तोच, आणि वेळेवर आल्याबद्दल आता त्यांना मनातल्या मनात शिव्या देणाराही तोच.

वार्ताहर मुलीने काकांपुढे माइक धरला. "अठ्ठाविसाव्या जागेवरून थेट संसदेत! कुबात महाशय, जाणार ना?"

"अध्यक्षमहाशय म्हणतात, जाऊ नका. हा कागदही आणलाय त्यांनी." काकांनी पत्र कॅमेऱ्याला दाखवलं. "मी नाही गेलो तर यांना जावं लागेल म्हणे. मला तर काही जायचं नाही. जुलैत माझं रान आहे. पण यांनाही जायचं नाही, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे, बस थांब्यावर लिहिलेलंच आहे. मग नको असलेलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकून मी रानात हिंडायचं? हे काही मला बरं दिसत नाही."

"मग?"

"मग काही नाही. ह्यांना मनापासून जायचं असेल, तर मी आत्ता सही करतो. हे बघा, पेन उघडंच आहे." काका रादोवानकडे वळले. त्यांचे डोळे चष्म्याआड बारीक झाले होते, शंकेची अळंबी उलटी करून बघताना व्हायचे तसे. "रादोवान, एकदाच म्हण. 'मला ब्रसेल्सला जायचंय.' तीन शब्द आहेत. म्हटलंस की जागा तुझी."

खिडकीतलं शिवणयंत्र थांबलं. कॅमेरा काकांवरून सरकत रादोवानवर येऊन थांबला.

रादोवानपुढे ती उंच खिडक्यांची खोली आली, लाकडी फरशी आली, आणि 'मोस्यू झेलिंका' म्हणून अदबीने दार उघडणारा शिपाई आला. तीन शब्द. पण त्याच्या मागे ते चौक होते, उंच धरलेल्या त्या बाटल्या होत्या, दोन वर्षं टाळ्या वाजवणारी ती पेन्शनर मंडळी होती. ती सगळी आज जेवताना टीव्हीपुढे बसणार होती.

"म्हण ना," इवोनाने दातांवर दात ठेवून त्याच्या कमरेला चिमटा काढला. "म्हण!"

त्याने तोंड उघडलं. त्याला ते तीन शब्द म्हणायचे होते, असं तो पुढे बायकोला पोरांच्या गळ्याची आण घेऊन सांगायचा. पण दोन वर्षं एकाच वळणाने धावलेली जीभ, समोर कॅमेरा दिसताच आपल्या वळणाने धावली.

"मी? ब्रसेल्सला? मेलो तरी नाही!"

काकांनी पेनाला टोपण लावलं. "ऐकलंत तुम्ही," ते वार्ताहर मुलीला म्हणाले. "मग मलाच जायला हवं." त्यांनी पत्राची चौकोनी घडी केली आणि तिच्यात टोपलीतल्या किडक्या अळंब्या गुंडाळून ठेवल्या.

संध्याकाळच्या बातम्यांत ते वाक्य तीनदा दाखवलं. पहिल्या दोन वेळा समोरून आणि तिसऱ्यांदा, रादोवान पाठ फिरवून गाडीकडे निघाला तेव्हा, पाठीमागून. पँटला चिकटलेली अंड्याची चकती स्पष्ट दिसत होती. डॉक्टर पाव्लिनाने फोन करून अध्यक्षांच्या त्यागाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. फ्रेंचमध्ये.

जूनच्या शेवटी ल्युबाकाकू झेलिंकांच्या दारात उभ्या राहिल्या. हातात रिकामी पिशवी होती.

"इवोना, ते पडदे पडून आहेत का गं अजून?"

"कुठले पडदे, काकू?"

"फेब्रुवारीत मी शिवून दिले ते. सासूबाईंच्या ब्रनोच्या घरासाठी म्हणून. आम्हाला तिकडे एक घर मिळालंय. खिडक्या दोन मीटर ऐंशी. घरमालकीण सांगत होती, फेब्रुवारीपासून कुणी झेलिंका म्हणून होते, त्यांनी धरून ठेवलं होतं, आता सोडलं."

इवोनाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्हाला तेच घर कसं सापडलं?"

"तू मापं कशावर लिहून दिली होतीस, आठवतंय ना? घरमालकिणीच्याच पत्राच्या पाठीवर. पत्ता, फोन, सगळं त्यावर. मी कागद फेकत नाही कधी."

आतल्या खोलीत रादोवान नगरपालिकेच्या निवडणुकीचं नवं पत्रक लिहीत बसला होता. त्याचं पेन थांबलं.

"म्हणजे काकांना तेव्हापासून ठाऊक होतं?" इवोनाचा आवाज चिरकला. "मग त्या दिवशी सही का नाही केली त्यांनी? हंगाम बुडणार ना आता त्यांचा!"

"बुडणारच. रोज रानाकडे बघून उसासे टाकतो." काकूंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. "सही करणारच होता गं तो. तुझ्या यजमानांनी एकदा खरं बोलावं म्हणून थांबला होता, एवढंच. दे, आण ते पडदे. इस्त्री मी करून घेईन."